हिरवळीकडे पाठ करून

बमरोलीत पक्षी बघायला कोणी मुद्दाम येत नाही. सुरतच्या पक्षिनिरीक्षकाला सकाळ मोकळी मिळाली की तो गवियर तलावावर जातो, डुमसकडच्या चिखलावर दुर्बीण लावतो, आणि सलग सुट्टी असली तर डभोईजवळचं वढवाणा नाहीतर थेट नळसरोवर गाठतो. बमरोलीत माणूस येतो तो पोटासाठी. पांडेसऱ्याच्या जीआयडीसीतल्या डाइंग-प्रिंटिंगच्या मिला, लूमचे गाळे, त्यांच्या मागे एकीला एक चिकटून उभ्या राहिलेल्या सोसायट्या, आणि त्या सोसायट्यांत धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेली, आता दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत पोचलेली कुटुंबं. शेअर रिक्षात अहिराणी ऐकू येते आणि हिवाळ्यात भाजीच्या गाडीवर भरिताची वांगी वेगळी काढून ठेवलेली असतात. ही पुस्तिका या कुटुंबांसाठी आहे. पुण्या-मुंबईच्या पक्षिमित्रांना तिच्यात नवं काही सापडणार नाही, आणि सापडावं अशी अपेक्षाही नाही.

पुढच्या पानांत पक्ष्यांची ओळख आहे. ते पक्षी या असल्या जागी येतातच कशाला, हे सांगण्याचं काम प्रस्तावनेकडे आलं आहे.

वस्तीच्या कडेनं कांकरा खाडी वाहते. डॉ. हेडगेवार पुलापासून भीमराड-बमरोली पुलापर्यंत, ८७ हेक्टरांहून अधिक जागेवर, तिथं जैवविविधता उद्यान करायचं महापालिकेनं ठरवलं आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. एवढ्या जागेत दादरच्या शिवाजी पार्कासारखी सात मैदानं सहज मावतील. लोकांच्या तोंडी त्याचं नाव ‘बायोडायव्हर्सिटी पार्क’. नाव भारदस्त असलं तरी आजूबाजूला शहराचा गजबजाट आहेच: पुलावरून ग्रे कापडाचे ताके भरलेले टेम्पो, काठानं झपझप चालणारे मधुमेही काका, मोबाइल झाडाच्या बेचक्यात अडकवून रील काढणारी पोरं. अशा ठिकाणी सैबेरियाकडचा पाहुणा काय करणार, असं कोणालाही वाटेल.

उत्तर पायाखाली आहे. बाग म्हटली की आपल्याला झाडं, फुलं आणि हिरवळ दिसते, आणि उद्यान खात्याला त्यात कारंजंही दिसतं. हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांपैकी निम्म्याअधिकांना यातलं काहीच नको असतं. त्यांना हवा असतो उथळ पाण्याचा काठ, बोटभर खोलीचा मऊ चिखल, त्या चिखलातल्या अळ्या, आणि धोका आला तर दडायला पाणकणसाचं बेट. म्हणून या पुस्तिकेच्या वाचकाला पहिली सूचना ही की बागेत गेल्यावर हिरवळीकडे पाठ करून खाडीकडे तोंड करावं.

ही जमीन मुळात ओलीच. भीमराड हे बमरोलीचं शेजारचं गाव. दांडीला मीठ उचलल्यावर तीन दिवसांनी, ९ एप्रिल १९३० रोजी, गांधीजी भीमराडला आले, तेही मिठासाठीच. मीठ साचत होतं म्हणजे समुद्राचं पाणी तिथवर येत होतं. जिथं भरतीचं पाणी शिरतं आणि ओहोटीला चिखल उघडा पडतो, तिथं किनाऱ्यावरचे पक्षी शेकडो वर्षं उतरत आलेले असणार. सुरत वाढलं तशी शेतं गेली, मिठाची जमीन गेली. खजोदला कचऱ्याचे डोंगर उभे राहिले आणि त्यांच्या शेजारीच हिरे बाजाराची अजस्र इमारत आली. खाड्या तेवढ्या उरल्या, कारण पाणी कुठून तरी जायला हवंच. पक्षी या उरलेल्या फटींतून आत येतात.

आता चिखलाबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं, कारण इथं नाक मुरडणारे फार आहेत. शहरातल्या खाडीला सांडपाण्याचा वास येतो, हे खरं. पण सांडपाण्यातला सेंद्रिय गाळ जिथं साठतो तिथं डासासारख्याच दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या चिलटांच्या लाल अळ्या बेसुमार वाढतात. त्या अळ्यांच्या अंगात रक्तासारखं लाल द्रव्य असतं, त्यामुळे हवा जवळजवळ नसलेल्या गाळातही त्या तगतात. तुतवार, शेकाट्या, धोबी यांचं हे रोजचं जेवण. गवियरच्या नितळ पाण्यात जी तुतवार तुम्हाला अर्धा तास शोधावी लागेल, ती इथं नाल्याच्या तोंडाशी निवांत टोचत असते. म्हणून घाण चांगली, असा अर्थ कोणी काढू नये. सेंद्रिय गाळ वेगळा आणि रंगाचं रसायन वेगळं. रसायनांनी अळ्या मरतात, आणि अळ्या संपल्या की पक्षीही जातो. फार साचलेलं, तापलेलं, प्राणवायू नसलेलं पाणी तर उलटतं. २०१९ च्या नोव्हेंबरात राजस्थानातल्या सांभर सरोवरावर हजारो पक्षी मेले ते बोट्युलिझम नावाच्या जिवाणू-विषानं. त्यांत स्थलांतरित मोठ्या संख्येनं होते. शहराच्या खाडीत अशी वेळ कधीच येणार नाही, असं छातीठोक सांगता येत नाही.

बमरोलीला आणखी एक गोष्ट आहे, तिचा पक्ष्यांशी संबंध थोडा आडवळणाचा आहे. सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करून ते पांडेसऱ्याच्या कारखान्यांना विकणारा महापालिकेचा प्रकल्प इथंच आहे. २०१४ साली तो सुरू झाला, तेव्हा त्याची क्षमता दिवसाला चार कोटी लिटर होती. देशभरातले अधिकारी तो बघायला येतात. जे पाणी शुद्ध होऊन मिलमध्ये परत जातं ते खाडीत जात नाही, हा त्यातला आपल्या कामाचा भाग. सुरतला पाण्याचा हिशेब कळतो. चिखलाचा हिशेब अजून कोणी मांडलेला नाही, एवढीच तक्रार.

आता पाहुण्यांकडे वळू. भारत ज्या हवाई मार्गात येतो त्याला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. तीस देशांवरून तो जातो. सैबेरिया, कझाकस्तान, मंगोलिया, तिबेटचं पठार इथं वीण झाली की दिवस लहान होऊ लागतात, पक्ष्याच्या अंगात चरबी साठते आणि तो दक्षिणेकडे निघतो. थंडी हे कारण अर्धवट खरं आहे. जमीन आणि पाणी गोठलं की अन्न बंद होतं, हे खरं कारण. सगळ्यांच्या आधी हजर होते भोरडी, म्हणजे गुलाबी मैना. जुलै-ऑगस्टातच, ऐन पावसात, तिचे थवे दिसू लागतात आणि एप्रिलपर्यंत ती मुक्काम हलवत नाही, म्हणजे वर्षाचा मोठा भाग इथंच. तरी आपण तिला परदेशी म्हणतो. संध्याकाळी झोपायच्या झाडावर उतरण्याआधी भोरड्यांचा थवा आकाशात जी वळणं घेतो ती पाहायला दुर्बीण लागत नाही. सोसायटीची गच्ची पुरते.

पण या भागाचा खरा पाहुणा धोबी. काही जण त्याला परीट म्हणतात, आणि गुजराती शेजारी ‘दिवाळी घोडो’. सप्टेंबरअखेर पहिला धोबी दिसतो आणि दिवाळीपर्यंत खाडीकाठ, शाळेचं मैदान, पार्किंग, सगळीकडे शेपटी वरखाली करत त्यांची पळापळ सुरू असते. पांढरा धोबी, करडा धोबी, पिवळा धोबी असे तीन-चार प्रकार येतात. करड्याचं पोटही पिवळं असतं, त्यामुळे नवखा माणूस हमखास फसतो. शेपटी बघावी. करड्याची शेपटी सर्वांत लांब असते आणि तो ती सर्वांत जास्त हलवतो. एक धोबी मात्र पाहुणा नाही. काळं डोकं, त्यावर ठळक पांढरी भुवई आणि अंगानं थोडा मोठा असा जो दिसतो, तो बारमाही इथलाच. मे महिन्यात धोबी दिसला म्हणून कोणी मला फोटो पाठवला तर तो बहुधा याचाच असतो.

याच दिवसांत बमरोलीत माणसांची वाहतूक उलट दिशेनं चालते. दिवाळीची सुट्टी लागली की लूमची खडखड थांबते, मिलच्या चिमण्यांचा धूर कमी होतो आणि उधना स्टेशनावर गाड्यांना पाय ठेवायला जागा उरत नाही. अर्धी वस्ती तापीच्या काठाकाठानं नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगावकडे निघते. पक्षी पाहण्यासाठी वर्षातले उत्तम दिवस हेच. रस्त्यावर आवाज कमी, हवा त्यातल्या त्यात स्वच्छ, आणि पाहुणे नुकते उतरलेले. ज्यांना गावी जायचं असतं त्यांचं मात्र हुकतं. त्यांना माझं सांगणं असं की भुसावळजवळच्या हतनूर धरणावर एक सकाळ काढा. बदकांच्या बाबतीत हतनूर बमरोलीच्या कितीतरी पुढे आहे, आणि पाणी त्याच तापीचं.

खाडीवर उभं राहिल्यावर काय दिसतं ते एका पक्ष्यावरून सांगतो. शेकाट्या. काळे पंख, पांढरं अंग, सुईसारखी सरळ काळी चोच आणि शरीराला न शोभणारे लांबच लांब गुलाबी पाय. चालताना तो पाय पूर्ण उचलतो, गुडघ्यासारखा दिसणारा सांधा मागच्या बाजूला दुमडतो (तो खरं तर घोटा असतो), आणि मग पाऊल इतक्या बेतानं पाण्यात ठेवतो की तरंगही फारसा उठत नाही. चिखलात चोच खुपसताना त्याला एवढ्या उंचीवरून पुरतं वाकावं लागतं, शेपटी वर जाते, आणि पाय मात्र जागचे हलत नाहीत. सगळे शेकाटे दूरदेशचे नव्हेत. पुष्कळसे देशातल्या देशातच पाण्यामागं फिरणारे असतात. त्याच्या शेजारी काठाच्या दगडावर जो तपकिरी पाठीचा, पांढऱ्या पोटाचा, सतत ढुंगण हलवणारा लहानसा पक्षी दिसेल ती सामान्य तुतवार. ती मात्र हिमालय आणि त्यापलीकडून येते. दगडावरून उडाली की पंख ताठ धरून पाण्यालगत थरथरत जाते आणि पुढच्या दगडावर बसून पुन्हा तेच सुरू करते. कुंपणाच्या तारेवर किंवा एखाद्या वाळक्या काटकीच्या टोकावर गप्पीदास असतो. पडक्या भिंतीवर, कधी उभ्या केलेल्या मोटरसायकलच्या आरशावरही, थिरथिरा शेपटी थरथरवत बसतो. पाणकणसावरून दलदली भोवत्या सावकाश घिरट्या घालू लागला की खालची सगळी मंडळी एकदम उठते, आणि तुम्हाला कळतं की चिखलात आपण मोजले त्याहून कितीतरी जास्त पक्षी होते.

पहिल्यांदा दुर्बीण घेऊन उभं राहिलात की एक प्रश्न नक्की येणार: ‘काय देखी ऱ्हायनात, भाऊ?’ दुर्बीण त्याच्या हातात द्यावी. रातपाळी करून परतणाऱ्या लूम कारागिराइतका लक्ष देऊन बघणारा विद्यार्थी मला अजून मिळालेला नाही. तुटलेला धागा एका नजरेत पकडायची त्याला सवय असते. तुतवारीची हालचाल तो लगेच ओळखतो, नावं नंतर येतात.

तापीवरच्या कुरवांबद्दल दोन शब्द लिहितो, तेही थोडे रागानं. सिंगणपोरच्या कॉजवेच्या आसपास आणि नदीकाठी हिवाळ्यात कुरवांचे थवे येतात आणि लोक त्यांना गाठिया, शेव, फरसाण टाकतात. हेतू पुण्याचा असतो. कुरव हा मासे, किडे, पाण्यावरचं मिळेल ते खाणारा पक्षी. तेल-मीठ-सोड्यात तळलेलं बेसन त्याच्या पोटासाठी नाही. दोन-तीन महिने फुकटच्या गाठियांवर राहिलेल्या पक्ष्याला मार्चमध्ये तिबेटच्या पठाराकडे हजारो किलोमीटर उडायचं असतं. पुण्य करायचंच असेल तर ते पैसे गाईच्या चाऱ्याला द्यावेत, कुरव नाराज होणार नाही.

दुसरा राग उत्तरायणाचा. सुरतचा मांजा नावाजलेला, सुरती माणसाची पतंगाची हौसही तशीच. नेमक्या जानेवारीच्या मध्याला, जेव्हा पाहुण्यांची संख्या भरात असते, तेव्हा आकाशात काचेचं जाळं पसरतं. गुजरात सरकार दरवर्षी १० ते २० जानेवारी करुणा अभियान चालवतं, जखमी पक्ष्यांसाठी उपचार केंद्रं उघडतं. ते चांगलंच आहे. त्याहून सोपा उपाय म्हणजे पहाटे आणि सूर्यास्ताच्या वेळी पतंग खाली ठेवणं, कारण पक्ष्यांची ये-जा त्याच दोन वेळांना असते. तिळगुळ वाटायला संध्याकाळ मोकळी मिळते, हा वरचा फायदा. आणि सण संपल्यावर झाडांत, तारांत लोंबणारा मांजा महिनोन्महिने जीव घेत राहतो. तो गोळा करण्याचं काम मुलांना द्यावं, हातमोजे घालून.

आता अवघड प्रश्न. पावसाळ्यात सुरतच्या खाड्या फुगतात, वस्त्यांत पाणी शिरतं, आणि ‘खाडीपूर’ हा शब्द इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. जुलै २०२४ मध्ये आणि पुन्हा जून २०२५ मध्ये लोकांनी तो भोगला. ज्याच्या तळमजल्यावरचा फ्रीज पाण्यात तरंगला त्याला शेकाट्याच्या कौतुकाच्या गोष्टी सांगू नयेत. त्याची मागणी सरळ असते: गाळ काढा, दोन्ही बाजूंना काँक्रीटची भिंत बांधा. गाळ काढण्याला माझा विरोध नाही. उभ्या भिंतीला आहे, आणि तो फक्त पक्ष्यांसाठी नाही. उभ्या भिंतीनं खाडीचा काठ संपतो, पाणी पसरायला जागा उरत नाही आणि पुढच्या वस्तीवर वेगानं जाऊन आदळतं. काठ मातीचा, उतरता आणि रुंद ठेवला तर पुराच्या वेळी तो पाणी अंगावर घेतो, आणि ऑक्टोबरनंतर तोच काठ चिखल होऊन पक्ष्यांच्या कामी येतो. ८७ हेक्टरांच्या उद्यानाचा खरा उपयोग हाच असू शकतो. तिथं पदपथ किती लांब होतो, झाडं किती लाख लागतात, याच्या बातम्या येतात. झाडं लावावीत, पण काठावरची उघडी जागा सोडून. खाडीच्या अगदी ओठावर दाट झाडी केली तर तुतवार आणि शेकाट्या तिथं उतरणार नाहीत. त्यांना चारही बाजूंचं दिसायला लागतं.

नोंदींबद्दल. २०२३ साली आलेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालात ९४२ जातींचा विचार झाला, आणि त्याचा आधार होता तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांनी ईबर्ड या संकेतस्थळावर केलेल्या नोंदी. म्हणजे रविवारी फिरायला जाणाऱ्या साध्या माणसांनी केलेल्या. दूरवरून येणाऱ्या स्थलांतरितांची संख्या घसरते आहे, हे त्यातूनच कळलं. मात्र या नोंदी बहुतेक नामांकित तळ्यांच्या. गिरणीमागच्या खाडीवर काय घटलं, काय वाढलं, हे सांगायला नोंदच नाही. खानदेशी वाचकाला यात थोडा वारसाही आहे. जे. डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची यादी १८८२ साली पक्षितज्ज्ञ ह्यूमच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापली. धुळे-नंदुरबारच्या पक्ष्यांबद्दल आज काही तुलना करायची तर तिथूनच सुरुवात करावी लागते. बमरोलीची तशी यादी नाही. ती कोणा अधिकाऱ्यानं येऊन करण्याची वाट बघण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. गुजरातेत तो सरकारी नाही, पण इथल्या मराठी शाळांना कोणी अडवलेलं नाही. त्या आठवड्यात आठवी-नववीच्या मुलांना तासभर खाडीवर न्यावं. साधी आठ बाय बेचाळीसची दुर्बीण, पाठीमागे सूर्य, आणि वहीत तारीख, वेळ, जागा, पक्षी, संख्या. नाव आलं नाही तर वर्णन लिहावं: चोच कशी, पाय कुठल्या रंगाचे, शेपटी वरखाली होते की थरथरते. एखाद्या मेलेल्या पक्ष्याच्या पायात धातूचं कडं दिसलं तर त्यावरचा क्रमांक उतरवून मुंबईच्या बीएनएचएसला कळवावा. १९५९ पासून ही संस्था पक्ष्यांच्या पायांत अशी कडी घालून त्यांच्या वाटा शोधते आहे.

आणि एक काम मोठ्यांसाठी. जलपर्णी महापालिकेनं काढावी, तिनं पाणी गुदमरतं. पण खाडीकाठचं पाणकणीस आणि उंच गवत ऑक्टोबर ते मार्च कापू नये, आणि निदान एका बाजूचा मातीचा काठ तसाच ठेवावा, अशी लेखी विनंती आपल्या झोन ऑफिसात करायची आहे. अर्ज गुजरातीत लिहा, खाली सोसायटीतल्या जितक्या सह्या मिळतील तितक्या घ्या, आणि पोच हातात पडल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका.